कुठली आफ्रिका?

काका आधी चष्मा काढायचे. मग तो शर्टाच्या टोकाने पुसायला घ्यायचे आणि पुसता पुसता, समोरच्याकडे न बघताच विचारायचे, "कुठली आफ्रिका?"

समोरचा गडबडायचा. बिचाऱ्याने चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून 'आफ्रिकेत फार गरम होतं ना हो?' एवढंच विचारलेलं असायचं. पण आफ्रिका हा शब्द असा सुटा वापरायची काकांच्या राज्यात कुणालाच परवानगी नव्हती. "भोसरीचा माणूस आन् चिंचवडचा माणूस एक न्हाई म्हणता तुमी," ते म्हणायचे, "आन् एवढं मोठं खंड एका पोत्यात भरता व्हय?"

परदेशात राहून आलेली माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. दर दहा वाक्यांनंतर त्यांच्या बोलण्यात 'आमच्या तिकडे' येतं, आणि मग तिकडचे रस्ते, तिकडची शिस्त, तिकडची हवा. काकांचं 'तिकडे' म्हणजे सुदान. ट्रक बनवणाऱ्या एका कंपनीत ते सर्व्हिस इंजिनिअर होते. वाळवंटात कंपनीचे ट्रक चालू कसे ठेवायचे हे तिथल्या मेकॅनिकांना शिकवायला कंपनीने त्यांना पाठवलं, ते काही वर्षं तिकडेच राहिले, आणि परत आले ते थेट भोसरी गावठाणातल्या घरी, काकूंच्या ताब्यात. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांना रिटायर होऊनही बराच काळ झाला होता. त्यांची स्कूटर माझ्यापेक्षा वयाने मोठी होती आणि माझ्यापेक्षा वेळेवर आमच्या ऑफिसला यायची.

आमचं ऑफिस चिंचवडात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. परदेशी कंपन्या कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतात, त्यातली माणसं, घोडे, चिलखतं आम्ही इथे बसून घडवून देतो. माझी आत्या विचारते, "तू करतेस काय नक्की?" मी सांगते, "बाहुल्या बनवते." त्यावर ती माझ्या वजनाकडे वळते आणि विषय संपतो.

तर एकदा मोठं काम आलं. प्राचीन काळातल्या लढायांचा खेळ. खेळणाऱ्याने नकाशावर फौजा हलवायच्या, वेढे घालायचे, राज्यं जिंकायची. बुद्धिबळ समजा, फक्त प्यादी घाम गाळतात. रोम, इराण वगैरे दुसऱ्यांकडे गेले होते. आमच्या वाट्याला आफ्रिका आली. कामाच्या वर्णनात लिहिलं होतं, आफ्रिकन योद्धे, दिसायला भीतीदायक.

आमच्यापैकी कुणाचाही आफ्रिकेशी संबंध शाळेच्या गॅदरिंगपलीकडे आलेला नव्हता. तुम्हीही तो नाच पाहिला असेल. दरवर्षी एक इयत्ता अंगाला काळं फासून, गोणपाटाच्या झालरी कमरेला बांधून, हातात काठ्या घेऊन 'हुंबा हुंबा' करत स्टेजवर यायची आणि पालक टाळ्या वाजवायचे. आम्ही नेमकी तीच इयत्ता कॉम्प्युटरवर उभी केली. झालर, गळ्यात हाडं, चेहऱ्यावर पांढरे पट्टे. आमच्या सरांना ते आवडलं, पण त्यांचा स्वभाव मुळातच धास्तीखोर. सरांचे वडील आणि आपले हे काका एकाच कंपनीत कामाला होते. सर म्हणाले, "एकदा काकांना दाखवू. ते आफ्रिकेत राहून आलेत, त्यांना सगळं माहीत असणार."

या न्यायाने पिंपरीत राहणाऱ्या कुणालाही सातवाहनांचे सैनिक डोक्याला काय बांधायचे ते सांगता यायला हवं. पण हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

काका आले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. पडद्यावरचा योद्धा त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला.

"हे गॅदरिंग हाय," ते म्हणाले. "फौज न्हाई."

"आफ्रिकन फौज अशीच असते ना, काका?"

चष्मा निघाला. शर्टाचं टोक वर आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मग त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर नकाशा काढला. तो आफ्रिकेपेक्षा वांग्यासारखा दिसत होता, पण मुद्दा पोचला. वर समुद्रकाठी कार्थेज, त्यांचे लढाऊ हत्ती. त्यांच्या शेजारी नुमिडियाचे घोडेस्वार, जे घोड्याला लगामसुद्धा घालत नसत. आणि इकडे नाईलच्या काठाला कुश, म्हणजे काकांचं सुदान, जिथले तिरंदाज इतके नावाजलेले की शेजारचे इजिप्तवाले त्या मुलखाला धनुष्याचा देश म्हणत. "एवढ्या सगळ्यांना तुमी एकच झालर शिवली," काका म्हणाले. "तेवढी शिलाई तरी वाचली म्हणा."

तुम्हाला वाटेल, काका मोठे इतिहासतज्ज्ञ निघाले. छे. त्यांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. "मला गाड्यांचं कळतं. हे जे सांगितलं ते तिकडच्या म्युझियमात वाचलेलं. फौजेचं कळणारी माणसं पुस्तकं लिहून ठिवत्यात, ती तू वाच. मी नुसता चुकीचं दिसलं की शिट्टी मारीन." आणि शिट्टी ते कधीकधी चुकीचीही मारत. कुशच्या फौजेत उंट पाहिजेतच म्हणून हटून बसले. तिकडे जिथे बघावं तिथे उंट, मग फौजेत कसे नसतील? मी पुस्तकं उघडून दाखवलं की ज्या काळाची फौज आम्ही करत होतो त्या काळात तिकडे उंट क्वचितच दिसायचा. लढाईला तर घोडाच. कुशचे राजे घोड्यांचे एवढे वेडे की एका राजाने जिंकलेल्या शहरात तबेल्यातले घोडे उपाशी बघितले आणि हरलेल्या राजाला त्यावरून धारेवर धरलं. काकांनी ते सावकाश वाचलं, चष्मा पुसला.

"उंट काढ," ते म्हणाले. "उंट माझे होते, त्यांचे नव्हते."

काकांनी आमच्या ऑफिसात कारखान्यातली एक चाल आणली. आपल्या पट्ट्यात ज्याच्या घरात कुणी ना कुणी शिफ्टला जातं त्याला ती माहीत असते. मशीनवर नवा पार्ट लावला की धडाधड माल काढत नाहीत. पहिला एक पार्ट काढतात, तो तपासून घेतात, त्यावर बनवणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मग तो पार्ट मशीनजवळ ठेवतात आणि पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून काढतात. त्याला म्हणतात फर्स्ट पीस. "तुमचं तर काय, एक शिपाई केला की दाबलं बटण आन् झाले हजार," काका म्हणायचे. "एकानं भाला उलटा धरला तर हजार जण उलटा भाला घेऊन हुबे. आधी फर्स्ट पीस पास करा."

आमचा पहिला फर्स्ट पीस म्हणजे कुशचा तिरंदाज. माणसाएवढं धनुष्य, कातडी भाता, आणि दोरी ओढताना बोट कापू नये म्हणून अंगठ्यात दगडाची जाड अंगठी. त्या अंगठीवर मी जीव ओतला. सर म्हणाले, "अगं, या खेळात कॅमेरा वरून असतो. खेळणाऱ्याला नुसती डोकी दिसतात. अंगठी कोण बघणार?"

"इद्रिस बघंल," काका म्हणाले.

इद्रिस म्हणजे काकांच्या तिकडच्या दिवसांतला ड्रायव्हर आणि मेकॅनिक. गाड्या काका दुरुस्त करायचे, पण वाळूत गाडी घालायची म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडायचे. चालवायचा इद्रिस, काका शेजारी डोळे मिटून बसायचे. 'कुठली आफ्रिका' हे वाक्यही मुळात त्याचंच. काका विमानातून उतरले, त्यांना न्यायला इद्रिस आला होता, आणि काकांनी गाडीत बसता बसता मोठ्या कौतुकाने म्हटलं, "तर ही आफ्रिका!" त्यावर इद्रिसने गाडी सुरू करायच्या आधी त्यांच्याकडे वळून तो प्रश्न विचारला. तेव्हापासून ते हा प्रश्न जमेल तितक्या लोकांना विचारून हिशेब बरोबर करत होते.

प्रत्येक फर्स्ट पीसचं चित्र काका इद्रिसला फोनवर पाठवायचे. अरबी, इंग्रजी आणि काकांनी शिकवलेलं हिंदी अशी त्या दोघांची एक वेगळीच भाषा होती, तिच्यात ते भांडायचे. इद्रिसचा निरोप आला की काका लाल सरबत पाजायचे. तिकडे वाळवलेल्या लाल फुलांचं करकदे पितात, इकडे काकूंनी तेच आपल्या लाल अंबाडीचं बनवलं होतं. ते इतकं आंबट होतं की खालच्या दवाखान्याला आमच्यामुळे गिऱ्हाईक मिळत असावं.

मग आली राणी.

कुशमध्ये राण्या राज्य करायच्या आणि लढाईत फौजेच्या पुढे उभ्या राहायच्या. रोमच्या फौजेशी लढलेली एक तर एका डोळ्याने आंधळी होती असं जुने लोक लिहून गेलेत. खेळात सेनापती म्हणून राणी हवी होती. मी बनवली. बारीक कंबर, लांब मान, कपाळावर सोन्याचा पट्टा. खरं सांगते, देखणी झाली होती.

काकांनी शिट्टी मारली नाही. पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. उन्हात, वाळवंटात एक देऊळ, सिंहाचं तोंड असलेल्या देवाचं. त्याच्या भिंतीपुढे काळ्याभोर केसांचे काका आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून एक उंच माणूस. त्यांच्या मागे भिंतीवर कोरलेली राणी. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात शत्रूंचे केस एकत्र मुठीत धरलेले. आणि काय तिचा देह! रुंद खांदे, भरलेले दंड, पसरट नितंब. दगड कोरणाऱ्याने तिची रुंदी लपवली नव्हती, उलट अभिमानाने कोरली होती.

मी तो फोटो किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. तुम्हाला सांगायला काय हरकत आहे, मी स्वतः अंगाने भरलेली आहे. लहानपणापासून प्रत्येक लग्नात मला कुणीतरी 'जरा बारीक हो' म्हटलंय. आणि इथे दोन हजार वर्षांपूर्वीची एक बाई, माझ्याच मापाची, देवळाच्या भिंतीवर शत्रूंच्या झिंज्या धरून उभी होती. मला रडू आलं. काकांनी सरबताचा पेला पुढे सरकवला, तो आंबटपणा त्या वेळी फार बरा वाटला.

मी राणी पुन्हा बनवली. यावेळी हात थांबतच नव्हता. इद्रिसला चित्र गेलं. तो तेव्हा घरी नव्हता. तिकडे लढाई पेटली होती, तो बायकोमुलांना घेऊन सरहद्द ओलांडून इजिप्तमध्ये आस्वानला एका भाड्याच्या खोलीत राहत होता. त्याचा आवाजी निरोप आला तो काकांनी आम्हाला ऐकवला आणि मराठीत सांगितला. "तो म्हणतोय, टीव्हीवर आमची फौज दिसती ती एकमेकांवर गोळ्या झाडताना. तुमच्या खेळात तरी आमची राणी दिसू द्या. अशीच्या अशी." मग जरा थांबून म्हणाले, "मी त्याला दिसंल म्हणून सांगितलंय."

आता क्लायंटची गंमत ऐका. तिकडच्या कंपनीच्या चित्रविभागाच्या प्रमुख बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. अत्यंत सभ्य. तिरंदाज आवडला, घोडे आवडले. राणी बघून म्हणाल्या, "अभ्यास उत्तम आहे. पण खेळणाऱ्यांना अशी राणी आवडणार नाही. आधीचीच द्या ना."

काकांचं इंग्रजी भोसरीच्या चालीवर चालायचं, पण कुठे अडायचं नाही. त्यांनी सांगितलं, "मॅडम, ही हिरोईन नाही. ही सेनापती आहे. तुमच्या रोमच्या सेनापतीचं पोट तुम्ही मोजलं का?"

सरांनी टेबलाखालून मला फोनवर लिहिलं, 'काकांना आवर.' बाई हसल्या, पण ऐकेनात. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे, आधीची पाठवतो."

तेव्हा काका माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाले, "फर्स्ट पीसवर तपासणाऱ्याची सही एकटी चालत न्हाई, पोरी. बनवणाऱ्याची पण लागती. त्या आधीच्या राणीवर माझी न्हाई. तुझी हाय का?"

मी अशा बैठकांत तोंड उघडत नसे. माझ्या लॅपटॉपचा कॅमेराही शक्यतो बंद ठेवी, कारण तुम्हाला कळलं असेलच. त्या दिवशी मी तो चालू केला. बाईंना म्हटलं, "आधीची राणी मी मनाने बनवली होती. ही तिथल्या लोकांची आहे. मी आधीची देणार नाही, हवं तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." सरांचा चेहरा दवाखान्यात नंबर लागल्यासारखा झाला होता. बाई म्हणाल्या, कळवते.

त्यानंतर काका रोज यायचे, जिन्यातूनच विचारायचे, "पास का फेल?" आम्ही 'अजून काही नाही' म्हणून मान हलवायचो आणि ते स्कूटर वळवून परत जायचे. आस्वानहूनही तोच प्रश्न येत असणार. आणि एक दिवस बाईंचा निरोप आला, की राणी आहे तशी घेत आहोत. इथे सत्याचा विजय झाला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण निरोपात पुढे लिहिलं होतं की बदल करायला आता वेळ उरलेला नाही. काकांना त्याने काही फरक पडला नाही. "वेळंनं का हुईना, पास झाली ना," ते म्हणाले, आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी भेळ घेऊन आले. सरांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला, पण भेळ खाल्ली.

खेळ बाजारात आला तेव्हा काकांनी घरी त्याच्यासाठी कॉम्प्युटर घेतला आणि मी त्यांना खेळायला शिकवलं. ते फक्त कुशकडूनच खेळायचे आणि सदैव हरायचे. मला कारण कळेना. फौज चांगली, तिरंदाज पहिल्या दर्जाचे. मग एकदा शेजारी बसून बघितलं. सेनापती फौजेच्या पुढे असला की शिपायांना जोर चढतो, असा त्या खेळाचा नियमच आहे. काका राणीला एकदम मागे ठेवायचे, टेकडीआड, चारी बाजूंनी तिरंदाज उभे करून.

"काका, तिला पुढे न्या. नाहीतर फौज पळते."

"तिला काय झालं मंजी?" काका म्हणायचे. "एवढ्या खटपटीनं आणलीय."

काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "या वयात राण्या सांभाळायला लागलेत. दळण आणायचं ध्यानात ऱ्हात न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काही दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. इद्रिसला व्हिडिओ कॉल करायचा होता आणि फोनवर तो चेहरा फार लहान दिसतो म्हणाल्या. मी काकांचा कॉम्प्युटर सुरू केला. कॉल लागला. फोटोतल्या उंच माणसाचे केस आता पांढरे झाले होते. तो आणि काकू एकमेकांकडे बघत राहिले, कारण दोघांमध्ये दुभाषा एकच होता आणि तो गेला होता.

मला सुचेना काय करावं. म्हणून मी काकांचा अर्धा राहिलेला डाव उघडला आणि त्याला पडद्यावर दाखवला. समोरून शत्रू चालून येत होता. कुशची फौज माळावर उभी. आणि दूर मागे, टेकडीआड, तिरंदाजांच्या कोंडाळ्यात राणी.

इद्रिसने डोळे बारीक करून बघितलं आणि एकदम हसायला लागला. हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "डरता है. हमेशा डरता था." मग बोट पुढे केलं. "आगे ले जाओ."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. काकांच्या या खेळाकडे त्यांनी आजवर कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

मी माउसचा बाण राणीवर नेला, तिला उचललं आणि फौजेच्या पुढे घेऊन निघाले.

"हळू," काकू म्हणाल्या. "जपून ने गं तिला."